निळी विजार

हॉलंडमधल्या आमच्या झूटरमेर गावात चढ म्हणजे सायकलचा पूल. तरी व्हिएतनामला जाण्याआधी महिनाभर मी पाठीला सॅक लावून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन कालव्याच्या बांधावर चढ-उतार करत होतो. शेजारच्या डच बाईंनी विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हणालो, "आम्ही सह्याद्रीतली माणसं." तो सह्याद्री सोडून वीस वर्षं झाली होती, हे नाही सांगितलं.

मी मुळात कमी बोलतो. खोटंही एकच बोललो, पण ते तब्येतीत. व्हिएतनाममधल्या सापा गावाजवळच्या डोंगरात, भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांतून बायको, लेक आणि मी हमोंग लोकांच्या गावाला निघालो होतो. वाटेत एक म्हातारी घसरत होती, मी तिचा हात धरला आणि तिला घरापर्यंत पोचवलं. पुराव्याला फोटो होता : ती आणि मी, हातात हात. मी तो कमरेपाशी कापला होता.

कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळानं ऑनलाइन प्रवासकथा सुरू केल्या आणि माझी पाळी आली. वर इस्त्रीचा कुर्ता, जाकीट. खाली कोण बघतंय?

म्हातारीपर्यंत आलो तेव्हा चांगलाच रंगलो होतो. मंडळाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, "नक्की कसं धरलंत हो तिला? दाखवा ना!"

मी उभा राहिलो.

"अगंबाई! हे खाली काय घातलंय?"

गुडघ्याखाली जेमतेम पोचणारी, दोघं मावतील एवढ्या घेराची निळी विजार. लॉकडाऊनभर घरात तीच चालू होती.

फोटो पुढे सरकवायला लेक शेजारी बसली होती. "ती ओमाच्या नवऱ्याची आहे," ती म्हणाली. ओमा म्हणजे डचमध्ये आजी; त्या म्हातारीला लेक तेच म्हणायची. "बाबाची पँट चिखलात गेली ना. फोर टाइम्स पडला तो."

"पाच," स्वयंपाकघरातून बायको. "पाचव्या वेळी तू बदकं बघत होतीस."

काकू हळूच म्हणाल्या, "मग घसरत कोण होतं?"

दोन वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं. घसरत मी होतो. महागडे बूट माझे. तिच्या पायात प्लास्टिकच्या चपला. एका हातानं तिनं मला ओढलं, आणि जरा सपाट वाट आली की हात सोडून भरतकामाचे चार टाके घालून घेतले. माझी सॅक स्वतःच्या टोपलीत टाकली. घरी नेऊन माझी पँट चुलीवर वाळत घातली आणि नवऱ्याची विजार दिली. पँट काही वाळली नाही. "परत पाठवतो," म्हणालो आणि तीच घालून निघालो. निळीचा रंग उतरून पाय आठवडाभर निळे होते. विजार पाठवली तर नाहीच, वर तिचं श्रेयही ढापलं.

पडद्यावरचे सगळे चौकोन स्थिर. मला वाटलं, नेट गेलं.

"अहो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. ते हसून आलेलं पाणी होतं. "पहिल्यांदाच तुमचं बोलणं जागेपणी ऐकलं. आता पुन्हा सांगा, पहिल्यापासून. आणि बसू नका, विजार दिसू दे."

मी बसलो नाही. लेकीला खुर्चीवर उभं केलं, ती म्हातारी झाली. तिनं वरून हात दिला आणि मी खालून तो धरला.