कोरड्या विहिरीवरची मोट

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतावर माझा बिलकुल इश्वास न्हाई. गावात कोनाला काही दिसलं की मी म्हनायचो, "मलाच कामून दिसत न्हाई? माझं थोबाड पाहून भूतच पळत आसंल." मला लिहिता-वाचता येत न्हाई. मी बोलून राह्यलो आन् माझी सून लिहून राह्यली. मधी मधी हसती, तवा एखादं अक्षर वाकडं गेलं तं तिला माफ करा...

मी कुंभार पिंपळगावचा. साठीला टेकलो तवा शेत पोराच्या हवाली केलं आन् मला पायी फिरायचा नाद लागला. खरं कारन सांगू? एस्टीत बसलं की मला वकारी येती. एकदा तं कंडक्टरच्या पिशवीतच झाली—तवापून पायी. जालना, पैठन, एकदा पार नांदेड. लोक देव पाह्यला जातात, मी विहिरी पाह्यला जायचो. कोन्या गावचं पानी गोड, कोन्या मातीत काय पेरलं, मोटेवर कोन काय गानं म्हनतं. आभाळ पाहून पाऊस बी सांगायचो. मी "आज पडनार" म्हनलो की गल्लीतल्या बाया बिनघोर वाळवन घालायच्या.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. पाऊस गेल्ता तो गेल्ताच, मंग म्होरचा उन्हाळा आला, अकितीचा सन झाला. माझी धाकली पोर आष्टीला दिलेली, दिवसभराच्या वाटंवर. तिचे सासरे, म्हंजी माझे व्याही, आमच्याकडं आल्ते. परत निघाले तं मी म्हनलं, मी बी येतो पोरीला भेटायला. त्यांनी एस्टीचं नाव काढलं. मी कंडक्टरच्या पिशवीची गोष्ट सांगितली. गपगुमान पायी निघाले.

माझ्या खांद्याला छागल व्हती, किरमिचाची पान्याची पिशवी. बायको म्हनली व्हती, "ती जुनी झाली, कळशी न्या." मी म्हनलं, "कळशी घेऊन व्याह्यासंगं चालू? नवरीवानी?"

आता आमचा मानपान आयका.

"घ्या व्याहीबुवा, पानी घ्या."

"आधी तुम्ही. वयानं थोरले तुम्ही."

"आवो पन मान तुमचा. मी पोरीचा बाप."

"मला तहान न्हाई."

"मंग मला बी न्हाई."

असं एका बाभळीपून दुसऱ्या बाभळीपर्यंत. दोघांच्या बी जिभा चामड्यावानी झाल्त्या, पन आधी तोंड कोन लावनार? रस्त्याला एक हिरवं पान न्हाई, वढ्याला थेंब न्हाई. ऊन डोक्यावर आलं तवा मीच हार खाल्ली. म्हनलं जाऊ द्या मान. छागल खाली घेतली... तं वाळल्या चिंचेच्या शेंगेवानी हलकी. बुडाला भोक. आम्ही एकमेकाला मान देत व्हतो आन् मागं धूळ पानी पीत आल्ती.

व्याही हसले बी न्हाईत. बाभळीच्या बुडाशी बसले. त्यांचा घाम थांबला व्हता, डोळे फिरून राह्यले व्हते. म्हनले, "सूनबाईला सांगा... तुमच्यावर रागावून न्हाई गेलो."

तवा मात्र माझी मस्करी पार आटली. पोरीला काय तोंड दाखवू? तुझा सासरा तहानेनं न्हाई, मानपानानं गेला? तिला त्याच घरात जलम काढायचा व्हता. तुझ्या बापानं मारला, असं एकदा तरी कोनी म्हनलंच असतं.

तेवढ्यात आवाज आला.

मोटेच्या चाकाचा. करकर... करकर... मंग थारोळ्यात पानी ओतल्याचा—धबाक! आन् मानसाची हाळी, घोगरी, मधी खोकला: "चल रं पाखऱ्या... मागं सर हरन्या..."

मला वाटलं, ऊन लागलं आपल्याला. पन व्याह्यांनी बी डोळे उघडले. "मोट हाये," म्हनले. "जवळच हाये. उठवा मला."

त्यांना काखंत धरून निघालो. आवाज म्होरं, आम्ही मागं. गाडवाट सुटली, वावरं लागली. दम खायला थांबलो की चाक बी थांबायचं, पाय उचलला की परत करकर. मी लई थापा मारतो, पन ही त्यातली न्हाई. टेकाड उतरलो, विहीर दिसली आन् आवाज बंद. जसा कोनी दोर सोडून दिला.

विहिरीवर चाकच नव्हतं. मोटेचे बैल चालतात त्या धावेवर खुराचा मागमूस न्हाई. थारोळं भेगाळलेलं, त्यात एक सरडा आमच्याकडं पाहून मान हलवून राह्यला व्हता. बाजूला खोपट, दारात एक म्हातारी. व्याही तिथंच खाली बसले.

"माय, पानी..."

तिनं तांब्या आनला. विहिरीच्या तळाला थोडा झरा व्हता, त्यातून वाटी-वाटीनं भरलेलं, गढूळ. म्हनली, "आम्ही बुद्धाची मानसं. चालंल ना?"

व्याह्यांनी ओंजळ म्होरं केली.

"तांब्याला तोंड लावा," ती म्हनली. "ओंजळीत सांडंल. येवढं पानी न्हाई माझ्यापाशी."

तुम्हाला खोटं वाटंल. व्याह्यांनी तांब्या घेतला आन् माझ्याकडं केला. "घ्या... आधी तुम्ही."

आन् मी गाढव! म्हनलं, "छ्या, मान तुमचा."

म्हातारी भडकली. "मरा दोघं बी! आन् आधी कोन मेलं ते वर जाऊन भांडा!"

मंग व्याही प्याले. मंग मी. तसं पानी मी परत कुठं प्यालो न्हाई.

जरा जिवात जीव आल्यावर मी इचारलं, "माय, मोट कुनाची चालू व्हती?"

"कसली मोट? बैल दिवाळीपून चाऱ्याच्या छावनीत. मालक बी तिथंच, बैलांपाशी. चाक तं चुलीत गेलं."

व्याही म्हनले, "पाखऱ्या, हरन्या म्हनून कोनी हाका मारत व्हतं."

म्हातारी हळूच म्हनली, "आवाज घोगरा?"

"घोगरा. मधी मधी खोकायचा."

तिनं पदर तोंडाला लावला. "जित्ते हायेत ना वो ते?"

आम्हालाच इचारलं तिनं. दिवस कलल्यावर निघालो आन् आष्टी गाठली. पोरीनं दारातच इचारलं, "आबा, मामंजींचं तोंड येवढं का उतरलं?" मी म्हनलं, "माझ्या गप्पा आयकून."

पाऊस पडला तवा मी मुद्दाम त्या विहिरीवर गेल्तो. म्हातारा धावेवर बसून बिडी वढत व्हता. जित्ता! बैल मात्र एकच परतला व्हता—पाखऱ्या. हरन्या छावनीतच गेला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसंल. हसला न्हाई.

"छावनीत दुपारी काम काय आसतं?" म्हनला. "डोळे मिटून मोट हाकायचो. मनातल्या मनात. दोन्ही बैल कान टवकारून उभे राह्यचे, बराबर कळायचं त्यांना."

"तुम्ही मोठ्यानं हाका मारायचे का?"

"न्हाई वो. लोक येडा म्हनले असते."

छावनी तिथून मुक्काम करून जावं लागतं इतकी लांब. मोठ्यानं जरी वरडला असता तरी आमच्या बाभळीपर्यंत काय येनार?

आमच्या गावचे मास्तर म्हनतात, ऊन लागलं की कानात आवाज येतात. आसंल बराबर. पन दोघांच्या कानात एकच? आन् बैलांची नावं बी तीच? मास्तर म्हनले, इचार करून सांगतो. आजून इचारच करून राह्यले. मला तं काय, शाळंची पायरी बी ठाऊक न्हाई.

व्याही आन् मी आजून बी पायी फिरतो. दोघांच्या खांद्याला दोन छागली, दोन्ही नव्या. त्या बाभळीपाशी आलो की व्याही थांबतात, कान देतात.

"काही आयकू येतं का?"

"न्हाई बा."

"मंग आयकू यायच्या आत पिऊन घ्या."