वहिनीने आणलेली गुळवेल

मंडळी, आज दुपारी एक जुना खोटेपणा कबूल करून आले. अजून चैन पडत नाही, म्हणून लिहितेय.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मॅट्रिकला होते. उन्हाळा लागला की डोकं जड व्हायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. माझी वहिनी मंद्रूपकडची. ती भर उन्हात गावाबाहेर जाऊन कडुलिंबावरची गुळवेल आणायची आणि काढा करून द्यायची. "वन्सं, पिऊन टाका. शीण जाईल."

काढा लई कडू. मी तो मोरीत ओतायचे आणि प्यायले म्हणून सांगायचे.

एकदा वहिनी रस्त्यातच चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यांनी तिला घरी आणलं, तेव्हा तिच्या पदरात गुळवेल होती. मी तरीही खरं बोलले नाही.

आज तिच्या घरी बसून सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हाईत हाय. मोरीत वास यायचा की."

"मग आणत का राहिलीस?"

"कवातरी प्याल म्हणून."

तुम्ही कुणाचे कष्ट असे ओतून दिलेत का? त्यांना सांगितलंत का कधी?