व्हिडिओ कॉलवर प्यायलेलं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मोबाइलसमोर उभा राहून मी ग्लासभर पाणी प्यायलो आणि ते गोड आहे म्हणालो. ते गोड नव्हतं.

घर माझ्या बहिणीचं. अकोल्याबाहेर, खारपाण पट्ट्यात. तिकडे जमिनीतलंच पाणी खारं, आणि नळयोजना त्या वस्तीपर्यंत पोचलेली नव्हती. जे काही होतं ते बोअरचं. लागोपाठ तीन वर्षं कापूस हातचा गेला, तेव्हा भावोजी पुण्याला वॉचमन म्हणून गेले. घर विकायला काढलं, आणि बहीण दोन पोरींना घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिली. आमच्याकडे घर पाहायला आलेला माणूस भिंती मागाहून पाहतो, आधी पाणी मागतो. दोन वर्षं येणारा प्रत्येक जण एक घोट घ्यायचा, पेला तसाच खाली ठेवायचा आणि ‘कळवतो’ म्हणून उठायचा.

मग मी घराचे फोटो नेटवर टाकले. फोटो पाहणारा पाणी मागत नाही, एवढाच माझा हिशोब.

फोन आला तो तिवशाहून, आमच्या गावच्या टेलर मास्टरांचा. शाळेच्या खाकी चड्डीपासून लग्नाच्या सफारीपर्यंत माझे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. आता दिवाळीलाही त्यांच्याकडे कोणी कापड टाकत नव्हतं. त्यातच त्यांच्या बायकोच्या, आमच्या चाचीच्या, किडन्या अधू झालेल्या, आणि तिचा डॉक्टर अकोल्यात. म्हणून त्यांना अकोल्याकडे घर हवं होतं. डॉक्टरनं तिचं मीठ तोडलं होतं. हे मला माहीत होतं.

“एकदा येऊन पाहून घ्या ना,” मी म्हटलं. ते येऊ नयेत असंच मनात होतं.

“हिले बसमधी बसवत नाही रे बाबू. अन् तू पाहिलं म्हंजे आमीच पाहिलं.”

पुढच्या रविवारी मी त्यांना व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं.

“अरे, छतच दाखवून राहिला का? मोबाइल सरळ धर!” मास्टर ओरडले.

मागून चाची म्हणाली, “बेटा, पहले किचन दिखा. इनको तो मशीन रखने की जगा ही दिखती.”

किचन दाखवलं. मशीनसाठी खिडकीजवळची जागाही दाखवली. मास्टर खुलले. मग म्हणाले, “आता पाणी पी. आमच्या वाटचं तूच पी.”

मी बोअरच्या टाकीचा नळ सोडला, ग्लास भरला आणि स्क्रीनकडे पाहत सगळा संपवला. खारटपणा जिभेला चिकटून राहिला. मी तोंड वाकडं केलं नाही. बहीण दारात उभी होती, तिनं मान फिरवली.

“गोड हाय,” मी म्हणालो.

“साफ तं दिसूनच राहिलं,” मास्टर म्हणाले.

रजिस्ट्रीला मास्टर एकटेच आले आणि ऑफिसातूनच परतीच्या बसला गेले. ते राहायला आले त्या दिवशी मी गेलो नाही. पुढेही टाळत राहिलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात चाची गेली. पाण्यानं गेली असं कोणी म्हणालं नाही. ती आधीपासून आजारी होतीच. हा आधार मी बरेच दिवस धरून होतो.

भेटायला गेलो तेव्हा मशीन खिडकीजवळच होती. कोपऱ्यात पाण्याची कॅन. मास्टरांनी ग्लास भरून पुढे केला.

“घे. कॅनचं हाय, बोअरचं नाही.”

मी ग्लास हातात धरून बसलो.

“तिनं वर्षभर बोअरचंच पेलं,” ते म्हणाले. “म्हणे, ‘खारं लागते, पण बीमारीनं माह्या तोंडाचीच चव गेली असन. बाबूनं तं पिऊन पाह्यलं होतं.’” मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “तुहा काय कसूर, बाबू? पाणी बदलते. उन्हाळ्यात खाली गेलं की बदलते.”

“हो,” मी म्हणालो. “बदलते.”

मास्टर अजून त्याच घरात आहेत. पाणी बदललं नव्हतं, त्या रविवारीही ते खारंच होतं आणि पहिल्याच घोटाला मला ते कळलं होतं, एवढं त्यांना सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.