मंडळ आभारी आहे

पुण्याची गाडी सुटायला अजून वेळ होता, पण बाबा माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. आई चिवड्याचा डबा पुन्हा पुन्हा पिशवीत नीट बसवत होती. वर्धा स्टेशनवर त्या दिवशी निम्मी रेल्वे कॉलनी आली होती, कारण कॉलनीतली पहिली पोरगी कम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. गाडी हलायच्या बेतात असताना बाबांनी शर्टाच्या खिशातून एक कॅसेट काढली आणि गजांमधून माझ्या हातात दिली. म्हणाले, "पुण्यातले लोक लय शुद्ध बोलतात म्हणते. तू दबू नको. माइक जवळ घे अन् बोल."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बाबा दिवसा रेल्वेत अंगमेहनतीच्या कामावरचे खलाशी आणि संध्याकाळी आमच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. त्यांची भीमगीतं ऐकायला आसपासच्या वस्त्यांतून माणसं यायची. कोरसमध्ये कुणी पुटपुटलं की ते ओरडायचे, "माइक जवळ घे!" पुढं पुढं घरातही तेच. नवीन चपला पाहिजेत म्हणून मी तोंडातल्या तोंडात कुरकुरले, तरी उत्तर हेच.

कॅसेटवर एका जयंतीचा कार्यक्रम होता. शेजारच्यांच्या टेपरेकॉर्डरवर कुणीतरी भरलेला, एकच प्रत. हे वाचणाऱ्या तुम्हा कॉलनीतल्यांना सांगायला नको, पण पुण्यातले वाचतील म्हणून सांगते. आमच्याकडे गाणं रंगलं की ऐकणारा उठून स्टेजवर जातो आणि बक्षीस देतो. मग गायक गाणं तिथल्या तिथं थांबवून माइकवर सांगतो, "आपल्या कॉलनीतले शंकर मेश्राम यांच्याकडून गायन पार्टीला बक्षीस. मंडळ आभारी आहे. जयभीम!" आणि जिथं सोडलं तिथून गाणं पुन्हा उचलतो. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. गाणं कुठं, हे मध्येच काय? कॅसेट लावली की नावं आली रे आली, मी बटण दाबून टेप पुढं पळवायची.

पुण्यात सदाशिव पेठेत खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी कॅसेट लावली, तर घरमालकीणबाई दारात. "अहो, टेपरेकॉर्डर तुमचा असेल, कान आमचेच आहेत." दार ओढून घेताना विचारलं, "नाव कळलं तुमचं. आडनाव काय म्हणालात?" मी काहीच म्हणाले नव्हते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडला जाऊन हेडफोन आणला, आणि त्यानंतर बाबा माझ्या कानाबाहेर कधी आले नाहीत.

कंपनीत तेव्हा नुसती धामधूम होती. दर आठवड्याला कुणाचा तरी व्हिसा, कुणाची तरी पार्टी. आमच्या टीममध्ये गाण्याचे पाच-सहा वेडे होते आणि दर शुक्रवारी त्यांची एक मेल फिरायची, रोमन अक्षरांतल्या मराठीत, 'सध्या काय ऐकतोय?' कुणी जॅझ, कुणी गिटारवाले बँड, कुणी कुठल्या तरी घराण्याची मैफल. मग जेवताना त्यावर वाद. मी सध्या काय ऐकत होते? आदल्या शुक्रवारी दुसऱ्यानं जे ऐकलं होतं ते. तेच थोडं फिरवून लिहायची आणि कुणी उलट प्रश्न विचारला की पाणी प्यायला उठायची. एकदा त्यांच्यातल्या निखिलनं विचारलंच, "तुमच्या विदर्भात काय ऐकतात गं?" मी म्हटलं, "असंच. फोक वगैरे."

फोक! कॉलनीत कुणी ऐकलं असतं तर हसून लोळले असते. बाबा हसले नसते.

नोकरीला काही वर्षं झाली आणि बाबा अचानक गेले. मी कात्रजला फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आले. आई राहिली, पण तिचं मन काही रमेना. मंडईतली वांगीसुद्धा तिला आपली वाटायची नाहीत, "नुसते पाण्याचे आहेत, चवच नाही," म्हणायची. एक दिवस म्हणाली, "त्यायचा आवाज ऐकव ना." कॅसेट लावली तर आवाज किरकिरत, लांबत चाललेला. आता ही टिकत नाही, हे माझ्याही लक्षात आलं.

आमच्यात आवाजाचं तंत्र कळणारा निखिलच. त्याला कॅसेट दिली, म्हटलं, कम्प्युटरवर घेऊन सीडी करून दे. त्यानं विचारलं, "आहे काय हे?" मी म्हटलं, "रेअर रेकॉर्डिंग आहे. विदर्भातले एक गायक."

एक गायक. ते दोन शब्द लिहितानाही आत्ता कान गरम होतात.

निखिलनं शनिवार-रविवारची सगळी सुट्टी खर्ची घातली. सोमवारी सीडी हातात देत म्हणाला, "टेप शेवटी अडकून तुटली गं, तुकडे झाले, टाकून दिली. पण सगळं मिळालंय. खरखर काढली, मधली बडबड काढली. एकदम स्वच्छ!" दुपारी सगळ्यांनी मिळून ऐकलं. "काय आवाज आहे!" "आहे कोण हा माणूस?" मला आनंदानं हसू येत होतं आणि तरी मी बोलले नाही. उलट आतून हायसं वाटलं. मेश्राम, ढोके, रंगारी, ती सगळी आडनावं गेली होती. त्यातलं रंगारी सुरुवातीला पुकारलेलं गायकाचं, म्हणजे माझं. नुसतं गाणं उरलं होतं आणि ते कुणाचंही असू शकत होतं.

रविवारी सकाळी आईला खुर्चीत बसवलं आणि सीडी लावली. बाबा खोलीत आले, अगदी समोर बसून गातायत असे. आईनं डोळे मिटले. पहिलं गाणं संपलं तशी ती डोळे उघडून म्हणाली, "थांबलंच नाही?"

"काय?"

"गाणं. नावं कुठी गेली?"

मी कौतुकानं सांगितलं, "काढली. आता सलग ऐकता येतं."

"काऊन काढली?" आई कम्प्युटरकडेच बघत होती. "त्यात माह्यं नाव होतं."

मग तिनं सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. त्या जयंतीला, मी तान्ही असताना, साऱ्या कॉलनीसमोर ती स्टेजवर चढली होती आणि तिनं बाबांच्या हातात बक्षीस ठेवलं होतं. बाबांची पंचाईत झाली. घरी ते तिला "ऐकलं का" म्हणायचे, फार तर "पोरीची माय". पण बक्षीस दिलं म्हणजे नाव पुकारावंच लागतं. मागून पेटीवाला म्हणाला, "घ्या आता!" सगळे हसले, आणि बाबांनी माइकवर तिचं नाव घेतलं.

"अख्ख्या संसारात एकदाच घेतलं," आई म्हणाली. "मले वाटलं, तेच ऐकवून राहिली तू."

ते नाव त्या कॅसेटवर इतकी वर्षं होतं आणि मी दर वेळी ते पुढं पळवत आले होते.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या निखिलला गाठलं. मूळ फाइल आहे का? नव्हती. डिस्क भरली म्हणून त्यानं उडवली होती. "का गं? त्या बडबडीत काय होतं?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, तो गायक कोण तेही. "तुझे वडील? माणूस तुझा, आणि मला सांगतेस 'एक गायक'? अगं बाई, मला माहीत असतं तर हात तरी लावला असता का मी?" त्यानं सगळे बॅकअप उलथेपालथे केले. काही निघालं नाही. मेश्रामकाका, ढोके मास्तर, तुमचीही नावं गेली, आणि ती माझ्या तोंड न उघडण्यानं गेली.

संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. रडली नाही, रागावलीही नाही. मेथी निवडता निवडताच म्हणायला लागली, "पहिलं शंकर मेश्रामचं. मग ढोके मास्तरचं. मग देवकाबाई, ते बिचारी आता नाही." आणि थांबली.

"मग?"

"मग माह्यं. माह्यं म्या कसं घेऊ?"

खिडकी उघडी होती. शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. या बिल्डिंगमध्ये मी कधी कुणाला जयभीम घातला नव्हता. दारावरच्या पाटीवर नुसतं पहिलं नाव होतं. मी म्हटलं, "आपल्या कॉलनीतल्या शांताबाई रंगारी यांच्याकडून गायन पार्टीला बक्षीस. मंडळ आभारी आहे. जयभीम."

आईनं मेथीवरची नजर काढली नाही.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "माइक जवळ घे."

मी पुन्हा म्हटलं. खाली स्कूटर पुसणाऱ्या माणसानं मान वर करून बघितलं, इतक्या मोठ्यानं म्हटलं.

त्या शुक्रवारच्या मेलला मी उत्तर लिहिलं, 'सध्या माझ्या वडिलांना ऐकतेय. भीमगीतं. अपुरी आहेत, मधली नावं माझ्यामुळे गेली.' खाली पहिल्यांदाच आडनावासकट सही केली. पाटी बदलायला मात्र अजून महिना गेला, तेही सांगून टाकते. लाज अशी एका दिवसात जात नाही, आणि आता तर ती दुहेरी झालीय.

लोक विचारतात, आता घर कुठलं, वर्धा की पुणं? मला नीट सांगता येत नाही. बाबांच्या तोंडचं आईचं नाव आता कुठंच नाही. माझ्या तोंडी आहे, पण त्यानं तिचं भागत नाही, हे मला दिसतं. तरी संध्याकाळी मी सीडी लावते. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं की आई हात वर करते, मी गाणं थांबवते आणि सगळी नावं घेते, खिडकी उघडी ठेवून. मग ती मान हलवते आणि मी गाणं पुन्हा सुरू करते.