भाजी ओतून टाकणारा आचारी

आमच्या रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणाला शेलूबाजारचा आचारी येतो. तो बोलतो कमी आणि हात धुवायला घडीघडी साबण मागतो. नातवाच्या बारशाला दुपारची वांग्याची भाजी उरली. संध्याकाळी कारंज्याचे पाहुणे यायचे होते, म्हणून मी ती झाकून ठेवली. त्याने झाकण काढलं.

“काकू, दुपारपासून गर्मीत पडून हाय हे.”

“वास तं येत नाही. गरम कर.”

“गरम केलं तरी इख जात नाही त्याचं. पाव्हण्याइच्या लेकराईले उलट्या झाल्या तं?”

“तुह्या बापाची हाय काय भाजी?”

तो हसला आणि त्याने भाजीने भरलेला गंज उकिरड्यावर उपडा केला. मग चुलीवर नवी भाजी टाकली. पाहुणे उशिरा जेवले, पण सकाळी ठणठणीत गेले.

पुढच्या जेवणालाही मी त्यालाच बोलावलं. भाजी मात्र बेताचीच करायला सांगितली.