कोटाच्या बाहीतला जिना

‘धाकटे, चित्र पोचलं. आता त्याचा अर्थही पाठव. तो कोट माझा आहे की नाही, एवढंच लिही. बाकी पाल्हाळ नको.’

एवढं लिहून ताईंनी पाकीट चिकटवलं. सत्तरीची भेट म्हणून माणसं घड्याळ देतात. धाकटीनं दिलं दाराएवढं चित्र, तेही स्वतः काढलेलं. अधांतरी लटकणारा कोट, आत माणूस नाही. एका बाहीतून जिना निघतो आणि कुठेच पोचत नाही. मागे सगळा गढूळ तपकिरी रंग. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कोट चढवून कॉलेजात शिकवायला जाणारी थोरली, आणि मागे चिखलात उरलेली धाकटी. ताईंना दुसरं काही दिसेना.

धाकटी जन्मभर कापड रंगवण्याच्या कारखान्यात होती. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी रंग जुळला की नाही, हे ती ठरवायची. संध्याकाळी साहेब कितीही पाय आपटोत, दिव्याखाली तिनं कधी कापड पास केलं नाही. “सकाळी बघू,” म्हणून डबा उचलायची. घरी येऊन आईचं सगळंही तिनंच केलं, तोंडातून ब्र न काढता. कुरकुरली असती तर निदान भांडता आलं असतं.

पत्राचं उत्तर फोनवर आलं.

“तुला काय दिसतं?”

“राग. एवढा तपकिरी कुणी मायेनं फासतं का?”

“तपकिरी? ताई, लावलंयस कुठे?”

“पॅसेजमध्ये. दिव्याखाली.”

“त्या पिवळ्या दिव्याखाली? अगं, जांभळा आहे तो. खिडकीपाशी ने, मग बोल.”

“जांभळा तर जांभळा. कोट कुणाचा?”

“आधी रंग तर बघ.”

ताईंचं डोकंच फिरलं. जड काचेची फ्रेम, भिंतीत स्क्रू पिळून बसवलेली, आणि ताईंचा खांदा वर जात नाही. रविवारी येते, दोघी मिळून काढू, असं धाकटी म्हणाली. तिथे गप्प बसायचं, तर ताई म्हणाल्या, “अर्थ सांगणार असशील तरच ये.”

“मग राहू दे,” धाकटी म्हणाली.

त्याला वर्ष झालं. आधी फोन कुणी करायचा, यावर घोडं अडलंय. ताईंनी खिडकीखालचं टेबल सरकवून जागा तेवढी केली आहे. चित्र पॅसेजमध्येच आहे.