बोली एका बैठकीत बदलत नाही

लिहिण्याइतका मी कोणी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. भाषाविज्ञानात एम.ए. करतोय, अजून पास व्हायचंय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण हे माझ्याच प्रोजेक्टमध्ये घडलं, म्हणून सांगतो.

प्रोजेक्ट बघणाऱ्या मॅडमनी माझं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"वडील आहेत, मॅडम."

प्रोजेक्ट साधा होता. आपल्या गावची बोली रेकॉर्ड करायची आणि तिचे उच्चार तपासायचे. आमचं गाव जयसिंगपूरजवळ. वडील, म्हणजे आमचे आण्णा, डेअरीच्या टेम्पोत दुधाचे कॅन चढवतात. मी चित्रं दाखवली, त्यांनी नावं सांगितली. मध्येमध्ये तीच चित्रं परत दाखवली. रेकॉर्डिंगसाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिपोर्टमध्ये मी मोठ्या हौसेनं लिहिलं, की आमच्या बोलीत ब, ड हे उच्चार नाकातून येतात.

मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला 'बाजरी' स्वच्छ आहे. शेवटी तोच शब्द नाकातून येतोय. बोली एका बैठकीत बदलत नाही."

माइक स्वस्तातला आहे, मी म्हणालो. त्यांनी शेवटचा भाग लावला. त्यात माझे प्रश्न स्पष्ट ऐकू येत होते.

म्हणजे दोष माइकचा नव्हता.

मग आम्ही भाषाविज्ञानाची एकेक शाखा घेऊन रेकॉर्डिंग तपासलं. रूपविचार म्हणजे शब्द कसे घडतात ते. आण्णांचे शब्द बरोबर होते. वाक्यविचार म्हणजे शब्दांची जुळणी. तीही बरोबर. अर्थविचारात, विचारलेल्याचं उत्तर नेमकं तेच. बिघाड फक्त ध्वनिविज्ञानात, म्हणजे तोंडातून आवाज निघतो तिथं. मॅडम म्हणाल्या, "भाषा शाबूत आहे. बोलण्याचे स्नायू थकत असावेत. मी डॉक्टर नाही. पण तू आज घरी जा."

एस.टी.त मला एकेक आठवू लागलं. विहारात वंदना आण्णा म्हणायचे. शेवटाकडे त्यांचा आवाज घसरायला लागला, तसं त्यांनी पुढं बसणंच सोडलं. टेम्पोचा ड्रायव्हर चारचौघांत म्हणाला होता, "काय पावणं, आज लवकरच टाकलीया व्हय?" आण्णांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तरी आईनं एकदा, ते झोपल्यावर, त्यांचं तोंड हुंगून बघितलं होतं.

घरी पोचलो तर ते भाकरीचा प्रत्येक घास पाण्याबरोबर उतरवत होते.

"आण्णा, उद्या दवाखान्यात जाऊया."

"तुझ्या परीक्षेला माझी जीभ पायजे व्हय?"

"पायजे की."

ते हसले. हसूही नाकातून आलं.

डॉक्टरांनी त्यांना मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. आकडे वाढत गेले तसा आवाज खाली बसत गेला. मग वर बघायला सांगितलं, तर डावी पापणी हळूहळू उतरली. नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, असा हा आजार वाटतो, डॉक्टर म्हणाले. त्यावर गोळ्या आहेत. पण रक्त तपासायला हवं, आणि छातीचा स्कॅनही. काही जणांच्या छातीत गाठ निघते.

परतीच्या वाटेवर आण्णा म्हशीचं बोलले, मी परीक्षेचं; गाठीचा विषय दोघांनीही टाळला.

रक्ताच्या रिपोर्टवरून आजार पक्का झाला, गोळ्या सुरू झाल्या. स्कॅनचं यायचं होतं. मी कोल्हापूरला कॉलेजात परतलो, कारण सबमिशन होतं. लेक्चरला फोन हातात धरून बसायचो. तो थरथरला की घाईनं बघायचो, आणि मेसेज रिचार्जचा असायचा. रिपोर्टमधला माझा शोध मी खोडला. त्या जागी लिहिलं, की बोलणाऱ्याला अधूनमधून विश्रांती द्यावी आणि कागदापेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघावं. मॅडमनी ते वाक्य तसंच ठेवलं.

आज दुपारी लायब्ररीबाहेर फोन आला. आण्णाच होते. जयभीम म्हणाले आणि सुरूच झाले. म्हैस आटलीया, टेम्पोवर नवा ड्रायव्हर आलाय, आईनं गोळ्यांचा डबा भिंतीतल्या देवळीत ठेवलाय. मध्ये तोडायची मला भीती वाटली. मी फक्त उच्चार ऐकत होतो. शेवटपर्यंत स्वच्छ होते.

"आणि त्ये छातीचं," फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "गाठबीठ काय न्हाय म्हणालं डॉक्टर."